होडीचें इंजिन कां बंद पडतें?

तापी नदी मध्यप्रदेशांत मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारें ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्रास मिळते. जळगांव जिल्ह्यांत चांगदेव येथें पूर्णा तिला येऊन मिळते, व पुढें भुसावळ तालुक्यांत हतनूरचें धरण लागतें. या धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यांत ते उघडले म्हणजे खालच्या गांवांना सावध राहावें लागतें. धुळें शहराच्या मधून वाहणाऱ्या पांझरेची गोष्टहि तीच. उन्हाळ्यांत जिच्या पात्रांतून मुलें चालत जातात, तीच नदी पुराच्या दिवसांत दोन्ही कांठांची ताटातूट करते.

अशा वेळीं होडीवांचून गत्यंतर नसतें. धुळ्यास राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची तुकडी आहे. अशा दलांजवळ हवा भरलेल्या रबरी होड्या असतात आणि त्यांच्या पाठीमागें पेट्रोलवर चालणारें इंजिन अडकविलेलें असतें. रस्त्यांत मोटार बंद पडली तर ती ढकलून बाजूला घेतां येते. प्रवाहांतल्या होडीला बाजू नाहीं. शिवाय या होडीची दिशा इंजिनाच्या जोरावरच वळविली जाते. म्हणून इंजिन थांबलें कीं गति जाते आणि तिच्याबरोबर सुकाणूहि जातें. होडींत बसलेल्या माणसांचे प्राण मग एका बारीकशा नळीवर अवलंबून राहतात.

इंजिन रुसलें म्हणजे प्रथम ठरवावयाचें तें हें कीं, रोग खरोखर इंधनाचा आहे काय? ठिणगी नाहींशी झाली तर इंजिन बहुधा एकदम, दिवा विझावा तसें थांबतें. इंधन कमी पडूं लागलें तर तें आधीं मंदावतें, आचके देतें, पुन्हां थोडें सांवरतें आणि मग थांबतें. कांहीं मिनिटें स्वस्थ ठेवल्यास पुन्हां चालूंहि होतें. तिसरा एक प्रकार आहे. न्यूझीलंडांतील उथळ नद्यांसाठीं विल्यम हॅमिल्टन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत जेट होडी विकसित केली. तींत बाहेर पंखा नसतो. होडीच्या तळांतून पाणी आंत ओढून तें मागें जोरानें फेंकलें जातें. अशा होडीचें इंजिन वेगानें फिरत आहे पण होडी पुढें जात नाहीं असें दिसलें, तर पेट्रोलला बोल लावूं नये. पाणी ओढणाऱ्या जाळींत गवत किंवा चिंध्या अडकल्या असण्याचा संभव अधिक असतो.

रोग इंधनाचाच ठरला म्हणजे टाकीपासून इंजिनाकडे, पेट्रोल ज्या वाटेनें जातें त्याच वाटेनें तपास करीत जावें. टाकी, नळी, हातानें दाबावयाचा रबरी फुगा, गाळणी, पंप आणि कार्ब्युरेटर अशी ही वाट आहे.

टाकींत पेट्रोल आहे हें पाहिल्यावर झांकणावरील हवेचें छिद्र पाहावें. पुष्कळ टाक्यांवर तें फिरवून बंद करण्याची सोय असते, कारण वाहून नेतांना पेट्रोल सांडूं नये. होडी निघतांना तें उघडावयाचें राहून जातें. मग जितकें पेट्रोल बाहेर जातें तितकी हवा आंत येत नाहीं, टाकींत निर्वात होऊं लागतो आणि पुरवठा थांबतो. छिद्र उघडतांच सूं असा आवाज झाला, तर निदान झालें असें समजावें. तेलाच्या डब्याला एकच भोंक पाडलें तर तेल नीट पडत नाहीं, हें ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

यानंतरचा साक्षीदार म्हणजे रबरी फुगा. तो दाबीत गेल्यास थोड्या वेळानें घट्ट झाला पाहिजे. तो घट्ट होतच नसेल, तर कोठें तरी नळीच्या सांध्यांतून हवा शिरत आहे, अथवा फुग्याची झडप निकामी झाली आहे, असा संशय घ्यावा. इंजिन चालू असतां फुगा चपटा होत असेल, तर अडथळा त्याच्या मागें, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. हातानें फुगा दाबीत राहिल्यानें इंजिन सावरत असेल, तर पंपाचा पातळ पडदा फाटला असण्याचा संभव आहे. फुगा घट्ट असून इंजिन उपाशीच राहत असेल, तर गाळणी व कार्ब्युरेटर पाहावे.

गाळणींत कचऱ्याइतकाच पाण्याचा शोध घ्यावा. पाणी पेट्रोलपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं वेगळें दिसतें. आज भारतांत पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतें. तें प्रमाणाबाहेर झालें म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून खालीं बसतात. दीर्घकाळ सांठविलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांतहि बसतो. म्हणून गेल्या पावसाळ्यांतील उरलेलें पेट्रोल या पावसाळ्यांत वापरणें हें काटकसरीचें लक्षण नव्हे.

इतकें करूनहि उलगडा न झाल्यास एक सोपी युक्ति आहे. चांगली म्हणून माहीत असलेली दुसरी टाकी तिच्या नळी व फुग्यासह इंजिनाला जोडावी. दोष नाहींसा झाला तर तो पहिल्या टाकींत किंवा नळींत होता. तसाच राहिला तर इंजिनावरील भागांत आहे. एका परीक्षेनें अर्धी वाट निर्दोष ठरते. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन भाग एकदम बदलणाऱ्याचें इंजिन कदाचित् चालूं होईल, पण बिघाड कशांत होता हें त्याला कधींच कळणार नाहीं आणि तो जुना भाग पुन्हां पेटींत जाईल.

हें सर्व करतांना विडी, काडी व ठिणगी दूर ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती होडीच्या तळाशीं सांचते व डोळ्यांना दिसत नाहीं. सुटी टाकी भरावयाची ती कांठावर उतरवूनच भरावी. बंदिस्त खोलींत इंजिन असलेल्या जेट होडींत, सुरू करण्यापूर्वीं पंखा लावून ती वाफ बाहेर काढावी लागते.

या परीक्षेला हुशार कारागिरापेक्षां शांत मनाची गरज अधिक आहे, आणि भर पुरांत शांत मन दुर्मिळ असतें. यास्तव ही उजळणी जूनच्या आधीं, कोरड्या कांठावर व्हावी. नळ्या वांकवून भेगा पाहाव्या, गाळणी धुवावी, पेट्रोल ताजें भरावें, आणि निघतांना छिद्र उघडण्याचें काम एका ठराविक माणसाकडे सोंपवावें. ज्याचें तें सर्वांचें काम असतें, तें बहुधा कोणाचेंच नसतें.