गाडीची थरथर : दोष इंजिनांत कीं मागें?

घरांतील जुनी मोटार थरथरूं लागली म्हणजे बहुतेक ठिकाणीं एकच निदान कानीं पडतें : ‘इंजिनचें काम निघालें, तें खोलावें लागेल.’ आमच्या घरींहि असेंच झालें. वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेली आमची अँबॅसडर चौकांत उभी असतांना तिचा आरसा इतका हाले कीं मागचें कांहीं दिसूं नये. आणि ताशीं साठ किलोमीटरच्या आसपास गेली कीं ती तळापासून गुणगुणूं लागे. वैशाखांत पुतणीच्या लग्नासाठीं सहकुटुंब कोल्हापूरला जावयाचें होतें. इंजिन खोलण्याच्या खर्चाचा आंकडा ऐकून मंडळींत दोन तट पडले. धाकटे बंधू म्हणाले, गाडी भंगारांत द्यावी. मातुःश्री कांहींच बोलल्या नाहींत. पण वडील ती गाडी रोज सकाळीं स्वतः पुशीत, हें कोणीच विसरलें नव्हतें. दोष नक्की कोठें आहे एवढें तरी आधीं कळावें, म्हणून पुतण्याला बरोबर घेऊन आम्हीं स्वतःच तपास आरंभिला. तो वाचकांसहि उपयोगीं पडेल असें वाटतें.

अँबॅसडरची रचना साधी आहे. पुढें १४८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, त्यामागें गिअरबॉक्स, आणि तेथून गाडीच्या पोटाखालून मागच्या आंसापर्यंत जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट. म्हणून पहिला प्रश्न हा : थरथर इंजिनाच्या वेगाबरोबर चढते, कीं गाडीच्या वेगाबरोबर?

प्रथम गाडी उभी ठेवून इंजिन न्यूट्रलमध्यें चालूं ठेविलें. मिनिटास ६०० फेरे घेणाऱ्या अशा इंजिनांत सेकंदास २० स्फोट होतात. एक सिलिंडर निकामी असेल तर सेकंदास ५ वेळां ठोका चुकतो, आणि तो संथ हिसका हाताला स्पष्ट लागतो. आमच्या इंजिनाचे ठोके मात्र सम होते. तेव्हां लक्ष गेलें तें इंजिन ज्यांवर टेकतें त्या रबरी बैठकांकडे. कारागीर त्यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात. एका बैठकींत तेल मुरून रबर फुगलें होतें व पत्र्यापासून सुटलें होतें. त्यामुळें इंजिनाचा नेहमींचा कंप सरळ सांगाड्यांत उतरत होता. ती बदलतांच आरशांत मागचा रस्ता दिसूं लागला. आम्ही आनंदलों, पण साठाच्या वेगाची गुणगुण तशीच राहिली. थरथर हा शब्द एक, म्हणून दोषहि एकच, असें आम्ही धरून चाललों होतों. ही आमची चूक होती.

पुढची परीक्षा मोकळ्या, सरळ रस्त्यावर घेतली. येथें एक मेख आहे. चौथ्या गिअरमध्यें इंजिन व शाफ्ट यांचे फेरे अगदीं सारखे असतात. मग त्यांतला थरथरणारा कोण, हें ओळखावें कसें? त्यासाठीं गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा गिअर घातला. आतां शाफ्ट पूर्वीइतकाच फिरत होता, इंजिन मात्र अधिक. सूर बदलला नाहीं. मग क्लच दाबून इंजिन मंद होऊं दिलें. तरी गुणगुण चालूच. अर्थात् दोष इंजिनाच्या मागें होता. चाकांचा म्हणावा, तर त्या वेगाला चाक सेकंदास आठच फेरे घेतें. त्याचा कंप संथ आणि हिसके देणारा असतो. शाफ्ट त्याच्या चौपटीहून अधिक फिरतो, म्हणून त्याचा कंप गुणगुण होऊन पायांखालीं लागतो.

गाडी भक्कम टेकूंवर चढवून, पुढच्या चाकांना अटकण लावून खालीं पाहिलें. शाफ्टच्या पुढच्या सांध्याभोवतीं तांबूस भुकटी जमली होती. ह्या सांध्याला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. त्यांतील सुयांसारखे बारीक रूळ वंगणावांचून गंजून झिजले कीं अशी भुकटी बाहेर पडते. शाफ्ट हातांनीं वरखालीं हालवितांच सांधा खटखटला. तो उतरविण्यापूर्वीं शाफ्ट व त्याचे जोड यांवर समोरासमोर रेघा ओढून ठेवाव्या, म्हणजे परत बसवितांना तोल बिघडत नाहीं.

नवा क्रॉस बसला आणि गुणगुण थांबली. खर्च इंजिनाच्या मानानें अगदीं अल्प झाला. पण पैशाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. असा पुढचा सांधा वेगांत तुटला, तर शाफ्टचें टोंक रस्त्यावर आपटतें आणि गाडी उलटण्याचेंहि भय असतें. इंजिन खोलून नवें केलें असतें तरी तो सांधा तसाच राहिला असता, आणि आम्ही मुलांबाळांसह निश्चिंत मनानें निघालों असतों.

ह्या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. तिची नाडी ओळखणारे कारागीर आतां विरळ होत जाणार. तेव्हां एवढी परीक्षा तरी मालकानें स्वतः शिकून ठेवावी.

वैशाखांत आम्ही निघालों. खंबाटकी घाट मागें पडल्यावर मातुःश्रींनीं एवढेंच विचारलें, ‘आज गाडी बोलत कां नाहीं रे?’