काकांचा बेंजो, काकांचा हात

बेंजो दुकानात आला तो जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून. आणणारे काका एके काळी बेंजो पार्टीत होते. लग्नाच्या वराती, गणपती, शिवजयंती, भीमजयंती, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ, सगळीकडे वाजवलेलं. चादर सोडताना म्हणाले, "तारा बदल फक्त, बाकी काय नको." माझा धंदा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचा. असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचंच काम जास्त निघतं.

आपला बेंजो आणि चामडं ताणलेला अमेरिकन बँजो यांच्यात नावापलीकडे फारसं नातं नाही. आपला तो बुलबुल तरंग. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टायपरायटरसारखी बटणं बसवून ‘ताइशोगोतो’ हे वाद्य केलं, त्याचा हा वंशज. बलुच लोकांकडे याचाच थोराड भाऊ आहे, ‘बेंजू’. डाव्या हाताने बटण दाबलं की खालची पत्र्याची जीभ तारेवर टेकते, तार तेवढी आखूड होते आणि उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची.

पण साध्या बुलबुल तरंगाचा जीव केवढा? ताशा सुरू झाला की संपला. म्हणून तारांखाली पिकअप आला: एक चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीकसा प्रवाह निर्माण होतो, तोच अँप्लिफायर मोठा करतो. पिकअपला कान नसतात. माझ्या दुकानाशेजारी दिवसभर यंत्रमाग खडखडतात. त्यांचा आवाज स्पीकरमधून येत नाही, तारेचा तेवढा येतो. भर मिरवणुकीत ढोलाशेजारी बेंजो टिकला तो यामुळे.

काकांच्या पेटीत कुणीतरी एक तार पितळेची घातली होती. नुसत्या हाताने वाजवली तर छान, स्पीकरमध्ये मुकी! चुंबकाला पितळेचं काय? पिकअपला मीटर लावला, वेढे शाबूत होते. हायसं वाटलं, कारण ते पुन्हा गुंडाळणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. सतत घुमणारा ५० हर्ट्झचा आवाज जॅकमधली अर्थची तार सुटल्यामुळे येत होता, डाग दिला. आवाजाचं बटण फिरवताना कचकचत होतं, आतली कार्बनची पट्टी झिजलेली. ते नवं टाकलं. गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या. चार-पाच बटणं मात्र बोटांनी घासून पिवळट, खोलगट झाली होती आणि टोकाची अगदी कोरी. काकांची पट्टी कुठली हे विचारावंच लागलं नाही. ती बटणं तशीच ठेवली.

खरा वेळ खाल्ला घोडीने. तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी जागेवरून सरकली होती. तार ४० सेंटिमीटर असेल, तर वरचा सा बरोबर निम्म्यावर, २० वर. पहिला अर्धा सूर सव्वादोन सेंटिमीटरवर आणि पुढे प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीचा साधारण अठरावा हिस्सा कमी. जिभा त्या हिशेबाने पक्क्या ठोकलेल्या असतात. घोडी दोन मिलिमीटर हलली, तर तारा कितीही पिळा, वर जाल तसं बेसूर होत जातं. ट्यूनर लावून मी खालचा सा आणि वरचा सा जुळवले, घोडी खुणेवर बसवली आणि काकांना फोन केला.

काकांनी वरचा सा दाबला. चढला. मी दाबला, बरोबर. पुन्हा त्यांनी दाबला, ट्यूनरचा काटा पुन्हा उजवीकडे. त्यांचा हात जड. जोरात दाबलं की तार आणखी ताणली जाते, सूर वर सरकतो.

"माझ्या हाताने लाव की बे," काका म्हणाले.

तारा सैल केल्या. घोडी केसभर मागे घेतली, तार पुन्हा चढवली. ते दाबत राहिले, मी काटा बघत राहिलो. चौथ्या वेळी काटा मध्ये थांबला. आता मी वरचा सा दाबतो तेव्हा तो किंचित उतरलेला येतो.