दुकानाची वही

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आमच्या घरी आले आणि आमच्या दुकानाची जागा भाड्याने मागू लागले. त्यांना तेथे मोबाइल फोनचे दुकान घालावयाचे आहे. त्यांनी सांगितलेले भाडे ऐकून मी आणि माझी पत्नी एकमेकांकडे पाहातच राहिलो. पहाटे साडेपाचपासून रात्री सातपर्यंत दुकान उघडे ठेवून महिनाअखेर आमच्या हाती जे उरते, त्यापेक्षा ते भाडे जास्त होते. आईने गृहस्थांना चहा दिला, त्यांचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "वही पुरी झाली की सांगते."

गृहस्थांना काही अर्थबोध झाला नाही. आम्हाला मात्र झाला, कारण आमच्या दुकानाची वही आजवर कधी पुरी झालेली नाही. शेवटचे पान आले की आई त्याला दुसरी वही शिवते.

वाचकहो, गावातले दुकान म्हणजे काय, हे मॉरिशसमध्ये वाढलेल्या कोणाही माणसाला सांगावयास नको. आपण त्याला 'लाबुतिक' म्हणतो. लाकडी कोंत्वार, त्यावर तराजू, मागे फळ्यांवर सार्डिनचे डबे, साबण, मेणबत्त्या, आगपेट्या. खाली पोत्यांत तांदूळ, पीठ, डाळी. आणि दाराशी पावाची टोपली. पूर्वी अशी दुकाने बहुतेक चिनी लोकांची असत. आमचेही तसेच होते. आमच्या गावच्या चिनी दुकानदाराची मुले शिकून परदेशी गेली, तेव्हा त्याने १९७९ साली दुकान माझ्या वडिलांना दिले. वडील तोवर उसाच्या मळ्यावर कामाला जात. त्यांचे पणजोबा कोकणातून करारावर येथे आले, ते ऊस तोडावयास. आणि त्यांच्यानंतर तीन पिढ्या तेच काम करीत आल्या. त्यामुळे कोयता ठेवून तराजू हाती घेणारा आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे माझे वडील.

चिनी दुकानदाराने जाताना वडिलांना दोन वस्तू दिल्या. एक पितळी वजनांचा संच आणि दुसरी म्हणजे 'कार्ने'ची पद्धत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक छोटी वही असे. तो सामान नेई, दुकानदार त्याच्या वहीत लिही आणि आपल्या मोठ्या वहीतही लिही. 'लाकूप' म्हणजे उसाची तोडणी जूनच्या सुमारास सुरू होई आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत चाले. त्या दिवसांत मजुरांच्या हाती पैसा येई आणि वह्या कोऱ्या होत. पुढचे सहा महिने मात्र काम कमी आणि पोटे तितकीच. ते महिने वहीवर निघत. चिनी दुकानदारांनी हा विश्वास ठेवला नसता तर आपल्या आजा-आजींच्या कितीतरी चुली त्या दिवसांत पेटल्या नसत्या, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात दुकानांतून 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावतात. मी एकदा रत्नागिरीला गेलो होतो तेव्हा ती पाहून मला फार गंमत वाटली. कारण आमच्या दुकानातही वडिलांनी 'उधार मेला' अशा अर्थाची एक फ्रेंच पाटी टांगली होती. ती वाचीत वाचीतच लोक उधार नेत असत.

आता खरे तेही सांगतो. लहानपणी मला ह्या दुकानाचा राग येई. इतर मुले रविवारी फ्लिक-आँ-फ्लाकच्या समुद्रावर जात, तेव्हा मी अर्धा-अर्धा लिव्र डाळीच्या पुड्या बांधीत बसे. आम्ही सगळे मिळून कधी कोणाच्या लग्नाला गेलो नाही. एकजण नेहमी दुकानात राही, आणि तो बहुधा आईच असे. उभे राहून राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या त्या कायमच्या. म्हणून शिक्षक होण्याचे प्रशिक्षण मिळाले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. माझा धाकटा भाऊ तर इंग्लंडला गेला. फोनवर तो आजही म्हणतो, "दादा, आईला आता विश्रांती द्या. दुकान देऊन टाका." त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

मग आईने वही पुरी होण्याची अट का घातली?

ह्याचे उत्तर मला प्रथम फेब्रुवारी १९९४ मध्ये थोडेसे दिसले होते. होलांडा वादळाने त्या वर्षी बेट झोडपून काढले. आमच्या दुकानाच्या छपराचे दोन पत्रे उडाले, तारा तुटल्या, अनेक दिवस वीज नव्हती. वादळाचा इशारा उठताच वडिलांनी अर्धे दार उघडले आणि मेणबत्त्या, बिस्किटे, रॉकेल विकावयास सुरुवात केली. भाव एका सेंटनेही वाढवला नाही. मी चौदा वर्षांचा होतो. मी विचारले, "बाबा, आज तर लोक मागाल तेवढे देतील." वडील म्हणाले, "आज देतील. पण पुढच्या महिन्यात मला तोंड कोणते दाखवतील?" ते 'माझे तोंड' म्हणाले नाहीत, 'लोकांचे तोंड' म्हणाले. जास्त भाव घेतला तर लाज घेणाऱ्याला वाटली पाहिजे. येथे ती देणाऱ्याला का वाटावी, हे मला समजले नव्हते. आता समजते. अडलेल्याला लुबाडले की तो पुन्हा त्या दारात मोकळ्या मनाने उभा राहू शकत नाही. आणि गावात माणसाला माणसाच्या दारात रोज उभे राहावे लागते.

वडील गेले त्याला आता अकरा वर्षे झाली. दुकान आई आणि माझी पत्नी चालवतात. शाळा सुटल्यावर मीही कोंत्वाराच्या मागे बसतो. ह्या वर्षांत गाव बदलले. ऐंशीच्या दशकात कपड्यांचे कारखाने भरभराटीला आले, गावच्या बायका पहाटे व्हॅनमध्ये बसून कामाला जाऊ लागल्या, आणि वह्या दर पगाराला फिटू लागल्या. पुढे २००५ साली जागतिक व्यापारातील कपड्यांचा कोटा संपला, बरेच कारखाने बंद पडले, आणि वह्या पुन्हा लांबल्या. साखरेचे कारखाने तर आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. कास्कावेलला मोठा मॉल झाला. तेथे गाडी लावावयास जागा आहे, थंड हवा आहे, आणि काही वस्तू आमच्यापेक्षा स्वस्तही आहेत. महिन्याचे मोठे सामान लोक तेथूनच आणतात. आमच्याकडे येतात ते विसरलेल्या वस्तूसाठी, पावासाठी आणि पैसे संपल्यावर.

ह्या शेवटच्या कारणावरून माझे आणि आईचे एकदा चांगलेच वाजले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळा देश बंद झाला. महिन्याच्या शेवटी काही दिवस तर सुपरमार्केटे आणि दुकानेही बंद होती. २ एप्रिलपासून आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे ठरलेल्या दिवशी खरेदीला परवानगी मिळाली. शाळा बंद असल्यामुळे आयुष्यात प्रथमच मी पूर्ण वेळ दुकानदार झालो. कोळ्यांना समुद्रावर जाता येत नव्हते, हॉटेलांत काम करणारी मुले घरी बसली होती. लोक येत, वहीवर सामान नेत. काही महिन्यांनी मी शिक्षकाच्या सवयीने सगळ्या नोंदी एका रजिस्टरात नीट मांडल्या, बेरीज केली, आणि मला घाम फुटला. येणे शहाऐंशी हजार रुपये होते. त्यातले निम्मे तर वडिलांच्या वेळेपासूनचे.

मी म्हणालो, "आई, आपण सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवू."

आईने रजिस्टर घेतले, चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवून सांगू लागली. हा वारला. हिचा मुलगा आजारी. हे गाव सोडून गेले, पण जाताना कोंबड्या देऊन गेले, ते मी लिहिले नाही. हा देईल. हा देणार नाही. एका नावापाशी मात्र ती थांबली. तो एक क्रेओल कोळी. त्याच्याकडे चार हजार येणे होते आणि कित्येक महिने तो आमच्या दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडे जात असे. आई म्हणाली, "चार हजारांचे मला काही नाही रे. पण हा माणूस तीस वर्षे सकाळी पाव न्यायला येत होता."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलीबरोबर त्याच्या घरी निरोप पाठवला: हिशेब खोडला आहे, पाव न्यायला ये. दोन दिवसांनी तो आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बोंझूर, मातांत." आईने पाव बांधून दिला. ते चार हजार त्याने आजतागायत दिलेले नाहीत. पण तो रोज येतो, आणि रोखीने नेतो. मी हिशेबाने विचार करतो तेव्हा आई चुकली असे वाटते. पण सकाळी त्या दोघांना पावसापाण्याच्या गप्पा मारताना पाहतो तेव्हा माझा हिशेब चुकतो आहे असे वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या मराठीची आहे. आई लहानपणी गावच्या बैठकेत संध्याकाळी मराठी शिकली. शाळेत ती फारशी गेली नाही, फ्रेंच तिला लिहिता येत नाही. म्हणून दुकानाची मोठी वही ती पहिल्यापासून देवनागरीतच लिहिते. गिऱ्हाईक हिंदू असो, मुसलमान, क्रेओल वा चिनी, त्याचे नाव, त्याचे तेल-तांदूळ आणि त्याचे आकडे आमच्या वहीत मराठीत आहेत.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मी सरकारी शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवतो. पण माझ्याच मुलीने कॉलेजात गेल्यावर मराठी सोडली. "बाबा, तिचा उपयोग काय?" असे तिने मला विचारले, तेव्हा मी तिला संस्कृती, पूर्वज, ओळख असे पुष्कळ काही सांगितले. ती ऐकून घेई आणि फोनकडे पाहू लागे. गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे तिला वाचण्या-लिहिण्याची मनाई होती. दुकानात मदत करताना मुलीची अडचण झाली: कोणाचे किती येणे, ते वहीत, आणि वही मराठीत. पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी आजीजवळ बसून विसरलेली अक्षरे विचारू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती भराभर वाचीत होती, आणि आजीने 'मेणबत्ती' चुकीची लिहिली आहे असे मलाच दाखवीत होती. मी इतकी वर्षे प्रशिक्षित शिक्षक आहे. पण मुलाला भाषेचे काम पडले तर तो भाषा शिकतो, हा धडा मला आमच्या कोंत्वाराने शिकवला.

लहान गावातले सुख म्हणून मला जे दाखवावयाचे होते ते एवढेच आहे. ते काही स्वर्गसुख नव्हे. त्यात पायांच्या शिरा फुगतात, रविवार जातो, पैसे बुडतात, आणि कोणाच्या घरी काय शिजते ते सगळ्या गावाला कळते. पण कोणाच्या घरी काहीच शिजत नाही, तेही कळते. मॉलमधल्या यंत्राला ते कधी कळणार नाही. गणेश चतुर्थीला कापूर आणि नारळ, ईदला शेवया, नाताळाला केकचे पीठ, महाशिवरात्रीला ग्राँ बासेंला चालत जाणाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या, असे सगळ्यांचे सण आमच्या एकाच फळीवरून जातात. वर्षभर सगळ्यांच्या आनंदात आपला थोडा हात असतो, हे समाधान आम्ही भाड्याने कसे देणार?

त्या गृहस्थांना आम्ही उत्तर कळवले आहे. आई उभी राहू शकते तोवर दुकान चालेल. पण दुपारी एक ते तीन ते बंद राहील आणि रविवारी दहानंतर उघडणार नाही, ही अट ह्या वेळी आम्ही आईला घातली. इंग्लंडच्या भावालाही ती पसंत पडली. पहिल्याच रविवारी आम्ही चौघे समुद्रावर गेलो. आईने पाय पाण्यात घातले आणि पाच मिनिटांनी विचारले, "उद्याचा पाव सांगितला आहे ना?"

परवा जुनी वही भरली. मुलीने नवी आणली, सुईदोऱ्याने जुनीला शिवली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. अक्षर अजून थोडे वाकडे आहे. मी सुधारले नाही.