दाण्याची साक्ष

मूठभर गहू तळहातावर घेतला, तर त्यातील जिवंत दाणा कोणता आणि मेलेला कोणता, हे मुरलेल्या शेतकऱ्यालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. खाण्याच्या धान्यात फसगत झाली, तर नुकसान त्या पोत्यापुरते असते. बियाण्यात झाली, तर हंगाम जातो. शिवाय ती ध्यानात येते पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी, म्हणजे वाफसा निघून गेल्यावर. त्यातून विकणारा समुद्रापलीकडचा असला, तर दाद तरी कोणाकडे मागावी? बियाण्यांच्या व्यापारात राष्ट्राराष्ट्रांनी जे नियम केले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हीच अडचण आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील लबाडांनी या अडचणीचा पुरेपूर फायदा घेतला. क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या बियांत त्याच आकाराची वाळू रंगवून मिसळली जाई. इंग्लंडात याहून चतुर युक्ती निघाली होती. सलगमाच्या महाग बियांत तशाच दिसणाऱ्या हलक्या बिया मिसळावयाच्या. पण त्या शेतात उगवल्या तर चोरी उघडकीस येणार, म्हणून त्या आधी भाजून मारून टाकावयाच्या! 1869 साली ब्रिटिश पार्लमेंटला बी मारणे व रंगविणे हा गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच वर्षी जर्मनीत, सॅक्सनीमधील थारांट येथे, फ्रीड्रिख नोबे या वनस्पतिशास्त्रज्ञाने बीजपरीक्षणाचे पहिले केंद्र सुरू केले. एकाच वर्षी एका देशाने शिक्षेचा मार्ग धरला आणि दुसऱ्या देशातील एका शास्त्रज्ञाने परीक्षेचा. पुढे जगाला अधिक उपयोगी पडला तो दुसराच.

मात्र केंद्रे वाढली तशी नवी तक्रार उभी राहिली. एकाच पोत्यातील बी एका देशात चांगले ठरे, दुसऱ्या देशात नापास होई. कारण प्रत्येकाची उगवण मोजण्याची रीत निराळी. हा घोळ मिटविण्यासाठी 1924 साली केंब्रिज येथे आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघ स्थापन झाला आणि 1931 साली वाखेनिंगेन येथील अधिवेशनात त्याने परीक्षणाचे समान नियम स्वीकारले. साधारणपणे शंभर-शंभर बियांचे चार गट, ठरलेले तापमान, ठरलेले दिवस. त्यानंतर किती अंकुर निकोप, किती विकृत, किती बिया मेलेल्या, याची मोजदाद. या संघाच्या प्रमाणपत्रांचे रंगही बोलके आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष साठ्यातून नमुना काढला असेल आणि साठ्यावर मोहोर असेल, तर नारिंगी कागद मिळतो. कोणी नुसती पुडी पाठविली, तर निळा. त्याची साक्ष त्या पुडीपुरतीच. खरेदीदाराने आकड्यांच्या आधी कागदाचा रंग पाहावा, तो यासाठीच.

उगवणारे बी सांगितलेल्या वाणाचेच आहे काय, हे मात्र अंकुर पाहून समजत नाही. ते उभ्या पिकात, पिढ्यांचा हिशेब ठेवूनच ठरवावे लागते. त्यासाठी 1958 साली पश्चिम युरोपातील देशांनी वाणप्रमाणनाची एक योजना आखली. तिच्यात पायाभूत बियाण्याला पांढरी व पहिल्या पिढीच्या प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी लावतात. भारत या योजनेत 2008 साली सामील झाला.

तिसरी चिंता बियाण्यासोबत येणाऱ्या बिनबोलावलेल्या पाहुण्यांची. 1955-56 च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आले, असा समज आहे. आज ते देशभरच्या बांधांवर माजले आहे. वनस्पतिसंरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1951 सालचा. त्यानुसार निर्यात करणारा देश माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचा दाखला देतो.

पण कीड मारण्यासाठी दिलेली धुरी प्रमाणाबाहेर गेली, तर बीही मरते. 1965 साली मेक्सिकोहून भारत व पाकिस्तान या देशांसाठी बुटक्या गव्हाचे बी निघाले. मेक्सिकोतील गोदामात त्याला धुरी देताना चूक झाली होती. पेरणी झाली आणि निम्मेच उगवले. तेव्हा नॉर्मन बोरलॉग यांना घाईघाईने पेरणीचे प्रमाण दुप्पट करण्यास सांगावे लागले. दाणे दिसावयास टपोरे होते. त्यांना आतून काय झाले, ते जमिनीनेच प्रथम सांगितले. हंगाम निभावला, पिके चांगली आली, आणि 1966 साली भारताने त्याच देशातून 18,000 टन बी मागविले.

त्याच 1966 साली आपला बीज कायदा झाला. अधिसूचित वाणांच्या बियाण्याने उगवण व शुद्धता यांची किमान मर्यादा गाठल्याविना आणि पिशवीवर तशी खूण असल्याविना त्याची आयात-निर्यात करू नये, असे बंधन त्याने घातले. पण याच कायद्याने एक जागा मोकळी सोडली, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्वतः पिकविलेले बी एखाद्याने आपल्याच आवारात दुसऱ्याला थेट पेरणीसाठी दिले वा विकले, तर तो व्यवहार कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला. पुढे 2001 सालच्या वाणसंरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, देवघेवीचा व विक्रीचा हक्क मान्य केला. अट एवढीच, की संरक्षित वाणाचे बी त्याने व्यापारी छाप लावून विकू नये. गावच्या व्यवहारात नारिंगी कागद लागत नाही. देणाऱ्याचे शेत घेणाऱ्याने गेल्या हंगामात बांधावरून पाहिलेले असते.