टोपीवरचे फूल आणि शेतातले बेणे



बेंदराला आपण बैलांची शिंगे रंगवतो, गळ्यात माळा घालतो. नवरदेवाच्या कपाळी मुंडावळ्या बांधतो. पण गुराख्याने आपल्या टोपीला ताज्या फुलांची वेणी बांधून घोड्यावर बसावे, ही रीत पाहायची तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर जावे लागेल.

हा मुलूख आपल्याला अगदीच परका नव्हे. तोही उसाचाच होता. तिथला पहिला यशस्वी ऊसमळा 1835 साली कौआई बेटावर कोलोआ येथे उभा राहिला. शेवटचा साखर कारखाना माउई बेटावर होता, तो 2016 च्या डिसेंबरात बंद पडला. ऊस गेला, टोपीवरची फुले मात्र राहिली.

तिथल्या गुराख्यांना पानिओलो म्हणतात. हे काही ऐरेगैरे गडी नव्हेत. 1908 साली अमेरिकेत शायेन गावी फास टाकून बैल पकडण्याची मोठी स्पर्धा झाली. ती इकुआ पर्डी या हवाईच्या पानिओलोने जिंकली. अशा रांगड्या माणसांना फुले माळण्याची लाज नाही, उलट अभिमान आहे.

टोपी विणतात ती केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची. पाने वाळवायची, काटे काढायचे, पट्ट्या पाडायच्या आणि विणायच्या. मग टोपीच्या घेराएवढी वेणी करायची. आपल्याकडे केळीच्या सोपटात वेणी गुंफतात, जवळपास तसेच काम. आधी नेच्याची पाने, त्यावर दोन-तीन फुलांचा झुबका, दोऱ्याचा घट्ट वेढा, पुन्हा पाने, पुन्हा फुले. टोके मागच्या बाजूला बांधायची. पाने-फुले आधी पाण्यात चांगली भिजवली तर वेणी लवकर सुकत नाही.

या वेण्यांत फार मानाचे फूल म्हणजे लेहुआ. ओहिआ नावाच्या रानझाडाचे हे लालभडक, केसाळ फूल. ते खुडले की पाऊस येतो, असे तिथले जुने लोक सांगतात.

पण याच झाडावर संकट आले. हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर उभी झाडे वाळू लागली. शेंडा पिवळा पडला, तपकिरी झाला की काही आठवड्यांत झाड खलास. 2014 साली कारण सापडले. सेरॅटोसिस्टिस कुळातली बुरशी झाडाच्या जखमेतून आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नसाच बंद करते. कोयता लागला, फांदी मोडली, की तिला दार उघडे झाले! 2015 साली सरकारने त्या बेटावरून ओहिआची रोपे, लाकूड, पाने, फुलेसुद्धा परवान्याशिवाय दुसऱ्या बेटावर नेण्यास बंदी केली. हत्यारे स्पिरिटने पुसा, बुटांची माती झाडा, असे लोकांना सांगण्यात आले. नाचगाण्याच्या मोठ्या उत्सवातही पुष्कळांनी लेहुआ वर्ज्य केला आणि दुसरी फुले माळली. मानाचे फूल बाजूला ठेवणे सोपे नव्हते. पण झाडच उरले नाही तर वेणी कशाची करणार?

मंडळी, हे वाचताना मला आपली लागण आठवली. उसाच्या टिपरीला होणारा अननस रोग आपल्या ओळखीचा आहे. टिपरी चिरली की पिकल्या अननसाचा वास येतो, गाभा आधी लाल, मग काळा पडतो आणि डोळा उगवत नाही. त्याची बुरशी पुस्तकांत कैक वर्षे याच सेरॅटोसिस्टिस कुळात मांडली जाई. तीही टिपरीच्या कापलेल्या तोंडातूनच आत शिरते. आणि खोडवा खुरटवणारा रोग तर कोयत्याबरोबर या उसातून त्या उसात जातो.

तरीही आपण काय करतो? पाव्हण्याच्या शेतात ऊस बरा दिसला, की भरली ट्रॉली आणि आणले बेणे! त्याला नाही म्हणणे जड जाते, हे मी जाणतो. पण हवाईच्या लोकांनी मानाच्या फुलाला नाही म्हटले. आपण रोगट बेण्याला नाही म्हणू शकत नाही काय?

बेणेमळ्यातलेच बेणे घ्या. कोयता निर्जंतुक करा. टिपऱ्या बुरशीनाशकाच्या द्रावणात 10 मिनिटे बुडवूनच लावा. आणि बेणे ठरवण्याआधी आपल्या गटाच्या शेती मदतनीसाला प्लॉट दाखवा.