छपरावरची वीज आणि दहावीनंतरची वाट

शाळेत सौरऊर्जा हा ऐच्छिक विषय घेतला, की विज्ञानाचं पुस्तक थेट गच्चीवर उघडतं. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतक्या कोनात कललेलं ठेवायचं. पुण्यात हा कोन सुमारे 18 अंश. मल्टिमीटर लावला की पहिलं आश्चर्य समोर येतं. मे महिन्याच्या भर दुपारी तापलेल्या पॅनेलचा व्होल्टेज सकाळच्या गार पॅनेलपेक्षा कमी दिसतो. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नव्हे! हे मुलांनी स्वतः मोजून पाहिलं की कायमचं डोक्यात बसतं. पॅनेल एकापुढे एक जोडली तर व्होल्टेज वाढतो, समांतर जोडली तर प्रवाह. इन्व्हर्टर निवडताना हेच गणित लागतं.

पुढे वाटा फुटतात. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड किंवा तीन वर्षांची पदविका, बारावी विज्ञाननंतर अभियांत्रिकी. आयटीआय झालेल्यांसाठी केंद्राचा ‘सूर्यमित्र’ हा 600 तासांचा अभ्यासक्रम 2015 पासून आहे. कामाची गरज खरी आहे: 2024 मध्ये आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं लक्ष्य 1 कोटी घरं आहे, आणि प्रत्येक छपरावर कुणीतरी चढणार आहेच. म्हणून माझा आग्रह असा, की सुरक्षा पट्टा बांधणं आणि अर्थिंग तपासणं पहिल्याच आठवड्यात शिकवावं. किलोवॉट आणि युनिट यांतला फरकही तेव्हाच. विजेचं बिल घरी असतंच, ते वर्गात आणायला सांगावं.