पदवी ऑनलाइन, परीक्षा केंद्रावर

टाळेबंदीने ऑनलाइन शिक्षण घरोघरी पोहोचवले आणि बदनामही केले. घरबसल्या दिलेल्या बहुपर्यायी परीक्षांमुळे त्या वर्षांतल्या पदवीधरांवर ‘कोरोना बॅच’ असा शिक्का बसला. त्याच २०२० साली आयआयटी मद्रासने प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला, आणि त्याकडे मात्र विद्यार्थी मानाने पाहतात. संस्थेचे नाव हे त्याचे एक कारण खरेच. पण व्याख्याने घरी ऐकायची आणि सत्रान्त परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षकांसमोर द्यायची, ही तिथली शिस्तही तितकीच महत्त्वाची. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातही व्याख्याने मोफत असतात; प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमांत मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीला नेहमीच्या पदवीचा दर्जा दिला खरा, पण अधिसूचनेने मिळते ती मान्यता. विश्वास परीक्षेतूनच कमवावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की परीक्षा कितीही कडक केली, तरी बहुतेक जण तिथवर पोहोचतच नाहीत. तो खरा आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग धरणाऱ्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे गळतीचे सगळे खापर पडद्यावर फोडता येत नाही. फुकट नोंदणी केलेल्या अनेकांना पदरात काही पाडून घ्यायचेच नसते. ज्यांना घ्यायचे असते, त्यांना मात्र विचारपूस करणारे माणूस लागते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अभ्यासकेंद्रे, समंत्रक आणि संपर्कसत्रे यांची घडी बसवली, ती याच गरजेपोटी. दुसरा आक्षेप प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मित्रमंडळींचा. अठरा वर्षांच्या मुलाला महाविद्यालय मिळत असेल, तर त्याने तिथेच जावे. पण नोकरी सांभाळून किंवा संसारातून वेळ काढून शिकणाऱ्यांना महाविद्यालयाचा पर्याय बहुधा नसतोच. त्यांच्यापुढे ऑनलाइन पदवी किंवा काहीच नाही, एवढेच दोन रस्ते असतात.

म्हणून ‘ऑनलाइन की प्रत्यक्ष’ हा वाद आता पुरे. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, परीक्षा कुठे आणि कोणासमोर होते, आणि अडलेली शंका कोण सोडवणार? यांची सरळ उत्तरे न देणाऱ्या संस्थेकडे, जाहिरात कितीही देखणी असली तरी, शुल्क भरू नये.